लानाईचे व्हॅनवाले काका

लानाई हे हवाईतलं शांत बेट. तिथे ट्रॅफिक सिग्नल एकही नाही. आम्ही राहतो त्या रेडमंडहून बायकोसोबत निघताना मी सहलीचं दर पंधरा मिनिटांचं वेळापत्रक एक्सेलमध्ये केलं होतं. बेट फिरवून दाखवणाऱ्या आमच्या व्हॅनवाल्याने ते नीट वाचलं आणि आदराने परत दिलं.

बेटावर सगळे त्यांना ‘अंकल’ म्हणत, म्हणून आम्ही काका म्हणायला लागलो. तरुणपणी ते इथल्या अननसाच्या मळ्यात कामाला होते. मळा कधीच बंद पडला. आता तिथे गवत आहे आणि काकांच्या हातावर पानांनी कापल्याच्या रेघा. तोच हात ते समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला करत.

“ओळखीचे?” मी दर वेळी विचारायचो.

शेवटी ते म्हणाले, “मळ्यात माणसं देशोदेशीची होती. एकाची भाषा दुसऱ्याला येत नसे. हात आधी करायचा, ओळख नंतर होते.”

रेडमंडला परतल्यावर, सोमवारी भर पावसात, मी आमच्याच गल्लीत समोरून येणाऱ्या गाडीला हात केला. ती थांबली. काच खाली आली.

“माझ्या गाडीला काही झालंय का?” आतल्या माणसाने घाबरून विचारलं.

तो सहा वर्षं आमच्या शेजारच्या घरात राहतो, हे मला बायकोने सांगितलं.