वरवंट्याचं बारसं

आमच्या घरात मुलाचं नाव आत्या ठेवते. आईबापांनी सुचवायचं नाही, आजोबांनी चिठ्ठ्या काढायच्या नाहीत. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्याशी वाकून कानात सांगेल, ते नाव. तोवर मूल नुसतं ‘बाळ्या’. नागपूरच्या दवाखान्यात जन्मलेली पोरंही भंडाऱ्याजवळच्या आमच्या शहापूरला येईपर्यंत अशीच बिननावाची राहिली आणि त्यांचं काही बिघडलं नाही. सगळी पोरं एसटीच्या टप्प्यात जन्मत होती तोवर ही रीत चालून गेली.

माझा धाकटा भाऊ तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत सर्व्हेअर होता. सत्तरच्या दशकात तो झांबियातल्या तांब्याच्या खाणीवर नोकरीला गेला. वर्षभरानं भावजयही गेली आणि तिथेच त्यांना मुलगा झाला. शहापूरला तार आली, बाबांनी गावभर बुंदी वाटली. बाबांची धानाची शेती, नागपूरच्या पलीकडचं जग त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते झांबियाबद्दल व्याह्याच्या गावासारखं बोलू लागले. मी लाखनीला शाळेत शिकवत होते. मलाही बुंदी पोचली.

पुढचं पत्र मात्र गोड नव्हतं. दवाखान्याच्या दाखल्यावर नावाच्या जागी ‘बेबी बॉय’ एवढंच होतं. भावाचा हिशेब सरळ होता: रजा मिळाली की गावी जाऊ, बारसं होईल, ताई नाव ठेवेल. जमिनीखालचा बोगदा कुठे निघेल हे अचूक सांगणाऱ्या माणसाला एवढंच सुचलं नाही की गावी यायला मुलाची नोंद आईच्या पासपोर्टवर लागते आणि त्या नोंदीला नाव लागतं. तिथल्या कायद्यानं परक्यांचं मूल त्यांचं नव्हतं. आपल्या कायद्यानं बाप भारतीय म्हणून मुलगा भारतीय. पण तसं आपल्या वकिलातीत जाऊन मागावं लागे. भाऊ गेला. तिथल्या अधिकाऱ्यानं कागद पाहिले, सगळे ठीक आहेत म्हणाला आणि शांतपणे विचारलं, “पण भारतीय करायचं कुणाला?”

म्हणजे नावाशिवाय येता येत नव्हतं, आणि आल्याशिवाय नाव मिळत नव्हतं. कंपनी तिकिटं देई ती ठरलेल्या रजेचीच. ही रजा हुकली की पुढची दोन वर्षांनी.

“दोन साल?” आई म्हणाली. “तवापर्यंत तो मले वळखन काय? पाव्हनी समजन मले.”

मी रीतिरिवाजांची फारशी भक्त नाही. माझ्या लग्नात मुहूर्त टळला तेव्हा सगळे रडकुंडीला आले होते, मी लाडू खात होते. मी भावाला लिहिलं, सुचेल ते नाव दे, माझी संमती समज. त्याचं उत्तर आलं, पत्रात नेहमी येई त्या आमच्या बोलीत: “सुचेल ते कायले? तू ठेवशील तेच. सरकारच्या दप्तरात त्याले नेतो, पन आपल्या घरातून नेतो.”

परदेशी कंपनीचा पगार घेणाऱ्या माणसानं एवढ्या लांबून माझा हक्क राखून ठेवला होता. मी ते पत्र शाळेत दोघीतिघींना वाचून दाखवलं. सहज म्हणून.

मग मी म्हटलं, बारसं इथेच करू. मूल नसलं तर नसलं.

आईनं कपाळावर हात मारला. “रिकामा पाळना हालवते का कोनी? पोट दुखते लेकराचं.”

“मग काय करायचं, तूच सांग.”

तिनं निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “बारशात लेकराच्या आंधी पाळन्यात कोन जाते?”

वरवंटा जातो. त्याला कुंची घालून, काजळाचे डोळे काढून, बायका पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींना देतात, मग बाळाची पाळी येते.

“तं मंग,” आई म्हणाली, “वरवंटा आंधी जाऊ दे. लेकरू मांगून येऊन राहिलं.”

शास्त्रार्थ एवढ्यावर संपला.

बारशाला सगळी आळी लोटली. न बोलावलेले सरपंचही आले. ते आले म्हणजे भाषण आलं. “या बालकाच्या रूपानं,” ते पाळण्याकडे हात करून म्हणाले, “भारत आणि आफ्रिका या दोन महान भूमींमध्ये एक अतूट दुवा निर्माण झाला आहे.” दुवा कुंची घालून निपचित पडला होता. सकाळीच त्याच्यावरचं मिरचीचं वाटण धुतलं होतं. सरपंचांनी त्याच्या गळ्यात हार घालायचा प्रयत्न केला, पण गळा सापडेना.

“हार खाली ठेवा ना जी,” एक म्हातारी म्हणाली, “लेकरू दबन.”

मी वाकले. कान कुठल्या बाजूला हे विचारायची सोय नव्हती, तेव्हा काजळाचे डोळे पाहून अंदाज बांधला आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. पाळण्यात दगड आहे म्हणून कुणी हात राखला नाही. घुगऱ्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला जाऊन नाव तारेनं पाठवलं. ते इथे लिहीत नाही. तो आता मोठा आहे आणि मी त्याची परवानगी घेतलेली नाही.

भाऊ तार घेऊन वकिलातीत गेला. अर्जात उशिराचं कारण लिहायचं होतं. त्यानं इंग्रजीत लिहिलं: मुलाची आत्या भारतात असल्यामुळे. अधिकारी म्हणे आपल्या दक्षिणेकडचा होता, त्याच्या घरीही आत्यांचं चालत असावं. त्यानं ते वाचलं आणि शिक्का मारला. सरकारी कागदावर माझी नोंद अडचण म्हणून झालेली तेवढी एकच, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

रजा लागायच्या आत सगळं झालं. भंडारा रोड स्टेशनवरून तिघं दुपारी घरी पोचले. बाबांनी नातवाच्या आधी कागद मागितला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं: मुलाचं नाव, जन्म झांबियात, भारतीय नागरिक, वंशाने. पुढे बापाचं जन्मस्थान: शहापूर, जिल्हा भंडारा.

“शहापूर लिवलं हाये?” बाबांनी विचारलं. “तेथं बसून?”

“तिथे बसून.”

त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग शेजाऱ्याला हाक मारली आणि तिसऱ्यांदा वाचायला लावली. समारंभांना हसणारी मी, तिसऱ्या वेळी जरा मोठ्यानंच वाचलं.

तेवढ्यात आईच्या हातातल्या पोरानं भोकाड पसरलं. एवढी अनोळखी माणसं त्यानं पाहिलीच नव्हती. भावजय घाईनं पुढे झाली, पण आईनं त्याला सोडलं नाही. ती त्याला कडेवर घेऊन अंगणात निघाली.

“रडू दे वो,” ती म्हणाली. “आपल्या देशात रडून राहिला.”