दोन खिडक्यांच्या मध्ये

तेव्हा चॅटिंगचे मेसेंजर दोन कंपन्यांचे होते, आणि एकावरचा निरोप दुसऱ्यावर जात नसे. कर्वेनगरातल्या त्या सायबर कॅफेच्या मालकांनी दारावर पाटी लावली होती: 'दोन्ही मेसेंजर एकाच खिडकीत दिसतील. कसे, ते विचारू नये.' ही सोय करणारं तिसऱ्याच कोणाचं सॉफ्टवेअर एका मेसेंजर कंपनीला खपलं नाही आणि ते बंद पडलं. कोणी कुरकुरलं की मालक म्हणायचे, "अहो, भांडण कंपन्यांचं आहे. आपण का बोलणं सोडायचं?"

त्यांच्याकडे एक काकू यायच्या. दोन्ही मुलगे परदेशी, दोघांचे मेसेंजर वेगळे, आणि एकमेकांना काही सांगायचं तर आईमार्फतच. मग मालक दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये खुर्ची घालून बसायचे. इकडचं मोठ्यानं वाचून तिकडे टाइप करायचे, एक शब्दही न बदलता.

त्या दिवशी मी मागेच उभा होतो. थोरल्यानं लिहिलं, 'त्याला म्हणावं, मला तुझं तोंड बघायचं नाही.'

मालकांनी हे मोठ्यानं वाचलं नाही. धाकट्याच्या खिडकीत टाइप केलं, 'दादा विचारतोय, बरा आहेस ना?' आणि ते मात्र वाचून दाखवलं.

काकू हरखल्या. "थोरल्यानं कधी असं विचारलं नव्हतं हो."

"विचारलं असेल, काकू," ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "आपली लाइन स्लो आहे. पोचायला वेळ लागतो."