पाहिलं नसेल तर काटा

चार वर्षं मी एकही कविता लिहिलेली नव्हती, आणि ही गोष्ट फक्त माझ्या बायकोला ठाऊक होती. बाहेर मात्र माझा भाव वाढत चालला होता. दिवाळीनंतर शाळांचे फोन सुरू व्हायचे. सर, आमच्या मुलांना कविता कशी लिहायची ते शिकवा. मी यवतमाळहून एसटी धरायचो, शिकवायचो, शाल-श्रीफळ घेऊन परत यायचो. मी निघालो की बायको दारातून म्हणायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं ती बोलत नसे, कारण पुढचं मला पाठ होतं.

तशीच एक कार्यशाळा दिग्रसच्या एका शाळेत होती. आठवी-नववीची एकोणचाळीस मुलं, मराठीच्या मॅडम आणि मधूनमधून डोकावणारे मुख्याध्यापक. माझी पद्धत ठरलेली होती. प्रत्येकानं दहा ओळी लिहायच्या. मग शाळेत शुद्धलेखन तपासायला बाकावरच्या बाकावर वह्या बदलतात तशा बदलायच्या. हातात लाल पेन घ्यायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: हे तू डोळ्यांनी पाहिलं का, कानांनी ऐकलं का? नसेल तर रेघ ओढून काटा. उरेल ती कविता. शेवटी हजेरीच्या क्रमानं ज्यानं त्यानं उरलेलं वाचायचं.

मुलांना कविता आवडो न आवडो, दुसऱ्याचं काटायला फार आवडतं. सरावाच्या पहिल्या फेरीतच रक्तपात झाला. वीस-बावीस वह्यांत आई ममतेचा सागर होती. सागर कुणी पाहिला होता? एकाच मुलानं, सहलीला गेला तेव्हा. त्याची आई वाचली, बाकीच्यांच्या बुडाल्या. एकानं कोकिळा लिहिली होती. शेजाऱ्यानं विचारलं, "कुठं आयकली बे?"

"मोबाईलमंदी."

"मंग मोबाईल लिह्य ना!"

प्रकरण माझ्याकडे आलं. मी न्यायाधीशासारखा चेहरा करून कोकिळा बाद केली. काय रुबाब होता माझा त्या दिवशी!

मग खऱ्या फेरीच्या वेळी मॅडमच्या लक्षात आलं की एकोणचाळीस हा आकडा दोनांनी भागत नाही. पहिल्या फेरीत त्या स्वतः एकीची जोडीदार झाल्या होत्या, पण आता त्यांना चहाचं बघायचं होतं. ती मुलगी तिसऱ्या बाकावर एकटीच उरली.

"सर, तुम्हीच बसा न हिच्याजवळ," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीबी लिहा. पोरायले आदर्श राहीन."

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले होते. त्यांनी लगेच जाहीर करून टाकलं की शेवटी सर आपली ताजी, आत्ता लिहिलेली कविता वाचतील. टाळ्या पडल्या. चार वर्षांची झाकली मूठ एकोणचाळीस पोरांसमोर उघडायची होती, तीही वीस मिनिटांत. बाकाची फळी इतकी अरुंद होती की मी कसाबसा अर्धा मावलो.

मुलीचे वडील बसस्टँडकडच्या रस्त्यावर गाड्या दुरुस्त करायचे, हे तिनं आपणहूनच सांगितलं. मग वहीवर वाकली आणि मला विसरून गेली. मी कोऱ्या पानाकडे बघत बसलो. मुलांना मी सांगतो की मनात येईल ते लिहा, अडू नका. माझ्या मनात चहा कधी येणार हे सोडून काहीही येईना. दहा मिनिटं गेली. शेवटी घाबरून मी जुन्या सवयीचं सामान बाहेर काढलं: क्षितिज, ओंजळ, विरह, मौन. आठ ओळी झाल्या. नवव्या ओळीला काहीच सुचेना म्हणून मान वर केली, जे दिसलं ते खरडलं, दहावीत पुन्हा एकदा मौन टाकलं आणि सुटलो.

"वह्या बदला!" मीच ओरडलो. कार्यशाळा माझी होती ना.

तिच्या वहीत चारच ओळी होत्या.

*अब्बू घरी येते,*
*आधी कपड्याची पावडर मांगते, मंग पाणी.*
*हात किती घासते तरी बोटायच्या घडीत काळं राह्यते.*
*त्याच हातानं माह्या वहीले हात नाही लावत.*

मी लाल पेन उघडलं आणि तसंच धरून बसलो. काटायला काही नव्हतं. खरं सांगतो, मला हेवा वाटला, चौदा वर्षांच्या पोरीचा.

तिचं काम मात्र जोरात सुरू होतं.

"सर, क्षितिजाले ओंजळ असते काय?"

"ती प्रतिमा असते."

"पाह्यली काय तुमी?"

"नाही."

काटली.

"काळजाच्या भिंतीवर ओल. काळीज पाह्यलं?"

"बोकडाचं पाहिलंय," मी जीव तोडून म्हणालो.

"त्याले भिंत होती काय?"

नव्हती. काटली. एव्हाना मागच्या दोन बाकांवरची मुलं उभी राहून आमच्या वहीत डोकावत होती. विरह गेला, मौन गेलं. मौनाच्या बचावासाठी मी म्हणालो की ते ऐकू येतं. ती म्हणाली, "या वर्गात?" कल्ला एवढा होता की मला माघार घ्यावी लागली.

मग ती नवव्या ओळीपाशी थांबली. ओळ अशी होती: *शेजारची मुलगी लिहिताना जीभ बाहेर काढते.*

तिनं झटकन जीभ आत घेतली. तेव्हासुद्धा ती बाहेरच होती. कान लाल झाले.

"हे काटतो, सर," ती म्हणाली.

"काहून?" मागून एक मुलगा ओरडला. "पाह्यलं हाये त्याईनं! आमीबी पाह्यलं हाये!"

"रोजच काढते!" दुसरी म्हणाली.

सगळा वर्ग माझ्या बाजूनं उभा राहिला. पेन त्या ओळीवर टेकवून ती बराच वेळ बसली. एक रेघ ओढली असती तर माझ्याजवळ वाचायला काहीच उरलं नसतं, आणि मी तिच्या पेनाकडे असा बघत होतो की जणू निकाल लागतोय. तिनं पेन उचललं.

"खरं हाये," ती नाराजीनं म्हणाली. "राहू द्या."

वाचन झालं. तिच्या चार ओळी ऐकून चहा घेऊन आलेल्या मॅडम दारातच थांबल्या. सगळ्यात शेवटी मी. माझी एक ओळ मी उभं राहून वाचली आणि बसलो. मुख्याध्यापक पुढच्या ओळीची वाट बघत राहिले, मग त्यांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मुलं हसून हसून बाकांवर पडली. तीही हसली. आधी मला लाज वाटली, मग नाही वाटली. चार वर्षांनी एक खरी ओळ लिहिली होती आणि मला ती आवडली होती. इतकं हलकं मला शालीनं कधी वाटलं नव्हतं.

पाहुण्या कवीनं जाताना शाळेच्या ग्रंथालयाला आपलं पुस्तक द्यायचं असतं. मी पिशवीतून माझा पहिला संग्रह काढला. मुख्याध्यापकांच्या आधी तीच पुढे झाली, दोन पानं चाळली आणि माझ्याकडे बघितलं.

"सर, हे बी तपासून द्यू काय?"

"ते छापलेलं आहे," मी म्हणालो.

"मंग काय झालं? पेन हाये न."

मुख्याध्यापक तिच्यावर ओरडणार तेवढ्यात मी त्यांना थांबवलं आणि तिच्या बाकावर पुन्हा अर्धा मावून बसलो. माझी साडेपाचची परतीची एसटी गेली तेव्हा आम्ही तेराव्या पानावर होतो.