मेंढरं आज कुठं आहेत

छापलेली कोणतीही वस्तू हातात आली, की मामा आधी अंगठा थुंकीनं ओला करून तिच्यावर फिरवायचे. "पुसतं का?" मी नाही म्हणालो, की खूश. "मंग बराबर."

वारंगा फाट्यावर माझं स्टिकर-बॅनर छापायचं दुकान आहे. ते मेंढरं राखायचे. पिकं निघाली, की कळप घेऊन गावोगाव फिरायचे आणि लेंडीखतासाठी शेतकऱ्यांच्या वावरात मेंढरं बसवायचे. हाच त्यांचा धंदा. पण फोन त्यांच्याकडे टिकत नसे. एक विहिरीत पडला, एक मेंढरांनी तुडवला. हळद लावणाऱ्या शेतकऱ्यांना कळप हवा असायचा, पण सापडायचा नाही. काम घटलं, मुलगा मेंढरं विकायची भाषा करू लागला, तेव्हा ते घाबरून माझ्याकडे आले.

कळप कुठं आहे ते लोकांना फोनवर कळावं, म्हणून मी त्यांना क्यूआर कोडचे दोन प्रकार समजावले. एक पक्का, आत एकदा लिहिलं ते कायमचं. दुसरा बदलता. स्टिकर तेच, आतला मजकूर हवा तेव्हा बदला, मात्र दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावा लागतो. आता तुम्हीच सांगा, आज इथं तर उद्या तिथं असणारा माणूस काय निवडेल? त्यांनी पक्का निवडला.

"बदलतं त्येच्यावर कोण इस्वास ठिवंल?"

मी 'मुक्काम शिरड शहापूर' असा पक्का कोड करून दिला. बियाण्यांच्या दुकानांवर स्टिकरं लागली. थोड्याच दिवसांत कुरुंद्याचा एक शेतकरी ते पाहून शिरडला गेला आणि हात हलवत परत आला. कळप तोवर कुरुंद्याच्याच शिवारात येऊन बसला होता!

"भाऊ, खोटा पडलो की मी," ते तोंड पाडून म्हणाले. मग बदलता कोड केला आणि जुन्या स्टिकरांवर नवी चिकटवली.

त्यानंतर त्यांचे फोन येऊ लागले, दर वेळी कुणातरी नव्या शेतकऱ्याच्या नंबरवरून. पत्ता मात्र नकाशात कधी बसला नाही. "लिही, वढ्याच्या अंगाला, करडी निघालेलं वावर. चिंचा पडून राहिल्या हाईत." मी शब्दही न बदलता लिहायचो. लोकांना बरोबर सापडायचं. लिहून झालं, की मी जरा डोळे मिटून बसायचो. ते वावर दिसायचं, उन्हात काळी-पांढरी लोकर हळूहळू सरकताना दिसायची. मशीनची घरघर कुठंतरी लांब जायची. दुकान सोडून कुठं न जाणारा मी, असा अर्धा जिल्हा हिंडलो. फार सुख होतं त्यात.

काही वर्षं मेंढरं राहिली. मग मामांचे गुडघे गेले. शेवटचा फोन मुलाच्या नंबरवरून आला.

"लिही, मेंढरं इकली."

"मामा, राहू द्या की आहे तसं."

"काहून? लोकं उगं हेलपाटे घालतील. बदल."

मी बदललं. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. कोडाचे पैसे मी अजून भरतो. तो बंद पडला तर लोकांना काहीच कळायचं नाही, आणि कुणाची खेप वाया गेलेली त्यांना चालली नसती.

परवा एक हळदवाला बियाण्याच्या दुकानावरचं स्टिकर बघून माझ्याकडे आला. "मेंढरं इकली म्हणतंय. हे पुढं बदलंल का?"

"बदलता येतं. पण सांगणारा माणूस गेला."

तो दारातच थांबला. "आमच्या वावरात बसली होती एक साल," तो म्हणाला. "लई हळद झाली होती."