पाटावरचं नाव

लिहायला बसल्या की पाटवाल्या मावशी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारून त्यावर रुमाल बांधत, आणि मग घरात कोणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. उंद्रीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की रुखवताचा पॉलिश केलेला सागवानी पाट त्यांच्या ओसरीवर येई. त्यावर नवरानवरीची नावं लिहायची ती मावशींनीच. अक्षर छापल्यासारखं, आणि त्याचा तोरा भारी. मी समोरच राहते, त्यामुळे तो तोरा मी रोज झेलला आहे.

पेनाच्या बाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. साधी शाई पॉलिशवर बसतच नाही, थेंब होऊन घरंगळते. दुकानातला पक्का मार्कर लगेच वाळतो, पण वरून पॉलिशचा हात फिरवला की अक्षरं पसरतात. एका नवरदेवाचं नाव असंच फिसकटलं, तेव्हा मावशी दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या. शेवटी चिखलीत एका टायरवाल्याकडे त्यांना हवा तो पेन सापडला. टायरवर खुणा करायचा, ऑइलपेंटचा, हलवला की आतली गोळी खडखडणारा.

"पैले पाठीवर, मंग पोटावर," असं म्हणत त्या आधी पाटाच्या खालच्या बाजूला रेघ ओढत, वाळू देत, बोटानं घासून पाहत. मग वर लिहीत, तेही मनगट अधांतरी धरून. "हात टेकला का अक्षर गेलंच समज."

एकुलत्या एका लेकीच्या, अश्विनीच्या पाटाला त्यांनी तीन दिवस लावले. मी चिडवलं, "मावशी, मुलगी द्यायची आहे की पाट?"

"पोरगी त म्हातारी होईन," त्या म्हणाल्या, "पाट तसाच राहीन."

अश्विनी म्हातारी झाली नाही. धामणगाव बढेला दिलेली ती मुलगी चार वर्षांच्या राधाला मागे ठेवून काविळीनं गेली. मावशींनी नातीला मागितलं, तिकडच्यांनी दिलं नाही. सणावारी एखाद्या दिवसापुरतं भेटवत, तेवढ्यावर मावशी तग धरून होत्या. पाट लिहिणं त्यांनी सोडलं. कोणी आणलाच तर पाणी विचारून परत पाठवत.

वर्ष भरायच्या आत जावयाचं दुसरं लग्न ठरलं. एका दुपारी मी त्यांच्याकडे तूर निवडत बसले होते, तेव्हा विहीणबाईंचा फोन आला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून मावशी स्पीकर लावत.

"ताई, राग नोका मानू. त्या पाटावरचं अश्विनीचं नाव काही केल्या निघत नाही. नव्या सुनेले त्याच्यावर बसवा लागते. पोराचं नाव राहू द्या लागते, तिचंच काढाचं हाये. कशानं निघते?"

मला इतका संताप आला की फोन हिसकावून घ्यावा. सांगू नका, असं मी हातानं खुणावत होते. मावशींनी फोनवर तळवा ठेवला.

"नाही सांगतलं त पटाशीनं खरवडतीन," त्या मला हळूच म्हणाल्या. "अन् त्यायनं दार बंद केलं, त राधी कुठं दिसन मले?"

मग त्यांनी तळवा काढला आणि एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सगळं नीट सांगितलं. टर्पेंटाइन घ्या. सुती फडक्याले लावा. हलक्या हातानं पुसजा, जोर नोका देऊ, पॉलिश जाईन. शेजारच्या नावाले लागू देऊ नोका.

"बरं ताई," तिकडून आलं.

"अन् एक..." मावशींनी पदर तोंडाशी धरला. मग तो बाजूला करून म्हणाल्या, "राधी बालवाडीत गेली का मंगच पुसजा. तिले आपल्या मायचं नाव वाचता येते आता."