दामूअण्णांची पंपाची बंदूक

बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वेळ भरपूर, त्यामुळे किस्से आपोआप साठत जातात. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात मी नाशिकला कादरभाईंच्या दुकानात बंदुका दुरुस्त करायचो. वर्षाला चार बंदुका खपायच्या, चहा मात्र रोज पंचवीस कप.

त्यातले निम्मे किस्से एकाच बंदुकीचे. निफाडकडचे द्राक्षबागायतदार दामूअण्णा, त्यांची बारा बोअरची जुनी अमेरिकन पंप ॲक्शन. नळीखालचा लाकडी दस्ता मागे-पुढे ओढला की खटक-खटक आवाज व्हायचा आणि नवं काडतूस आत जायचं. अण्णांचे वडील देवळाली कॅम्पात एका इंग्रज साहेबाला दूध घालायचे. मायदेशी निघताना साहेबाने विचारलं, "गाय घेतोस की बंदूक?"

वडील म्हणाले, "गाय माझ्याकडं हाय."

*

एकदा अण्णा लायसन रिन्यू करायला गेले. कारकून नवा होता. अर्जावर 'पंप' एवढंच वाचून त्याने कागद परत सरकवला. "विहिरीच्या पंपाचं इथे होत नाही. वीज ऑफिसात जा."

अण्णा सरळमार्गी माणूस, खरंच गेले. तिथल्या साहेबाने विचारलं, "किती हॉर्सपॉवर?"

"ते माहीत नाय. बारा बोअर हाय."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "बारा बोअर मारले? एकाला तरी पाणी लागलं का?"

*

दर दसऱ्यानंतर ही बंदूक अडकायचीच. एका वर्षी मी ती पूर्ण खोलली. आत तांदूळ, हळद-कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. सगळं कागदावर मांडून अण्णांना दाखवलं.

"अण्णा, पूजा बाहेरून करत जा."

अण्णा कानकोंडे झाले. "नैवेद्य बाहेरच ठेवला होता," म्हणाले.

*

द्राक्षं पिकली की बागेत साळुंक्या उतरायच्या. अण्णांना पाखरू मारवत नसे. ते नुसता दस्ता ओढायचे, खटक-खटक, की थवा उडालाच.

मग एक दिवस बंदूक काखेत मारून ते दुकानात आले. चेहरा पडलेला. कादरभाईंनी विचारलं, "क्या हुआ अण्णा, फिर अटक गयी?"

"बंदूक बरोबर हाय. एक साळुंकी तो आवाज शिकली."

"मग?" मी विचारलं.

"आता ती बांधावर बसून खटक-खटक करती. मजूर पाट्या टाकून पळत्यात, आन् ती निवांत द्राक्षं खाती."

*

पुढे परदेशी बंदुका यायच्या बंद झाल्या, तशी जुन्यांची किंमत चढली. मुंबईचा एक व्यापारी खास ही बंदूक बघायला आला. नंबर पाहिला, नळीतून उजेडाकडे पाहिलं. आतून नळी आरशासारखी होती. तो म्हणाला, "एवढी जुनी आणि इतकी कोरी मी पाहिली नाही. हिच्या किमतीत सेकंडहँड जीप येईल."

अण्णांच्या दोन्ही मुलांचे डोळे चमकले. अण्णा म्हणाले, "जीप आली तर दसऱ्याला ती पाटावर कशी बसवू?"

व्यापारी चहा पिऊन गेला.

*

पण जीप मुलांच्या डोक्यातून जाईना. अण्णांचंही वय झालं होतं. बंदूक कुणाच्या नावावर करायची, हे त्यांनी आमच्याच दुकानात ठरवलं. "जो उघडून परत जोडंल, त्याची."

मुलांनी तासभर खटपट केली. शेवटी एक स्प्रिंग उरली. थोरल्याने ती हळूच खिशात टाकली, धाकट्याने कादरभाईंना दाखवून दिली. अण्णांची मुलगी शकूही सोबत आली होती, शाळेत मास्तरीण होती. लहानपणापासून अण्णांसोबत बंदूक पुसायची. तिने समोरचा चहा गार व्हायच्या आत बंदूक खोलली, जोडली आणि दस्ता ओढून दाखवला. खटक-खटक. अण्णांनी डोळे पुसले आणि तिच्यासाठी स्पेशल चहा मागवला.

लायसनसाठी शकूची मुलाखत झाली. साक्षीदार म्हणून मी सोबत होतो. दोन्ही भाऊही आले होते, अजून हरकत घ्यायच्या तयारीत. साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"कारण लिहिलंय, बंदुकीचं आणि स्वतःचं संरक्षण. बाई, तुम्हाला धोका कुणापासून?"

शकूने पदर सावरला. "साहेब, ते दोघं बाहेर बाकावर बसलेत."

साहेबांनी दारातून वाकून बाहेर पाहिलं आणि सही केली.