मोंढ्यातला सर्व्हे आणि कौसाबाईंचा तराजू

सर्व्हेचं काम करणाऱ्यांचं एक असतं. ज्यासाठी उन्हातान्हात हिंडतो, ती माहिती रिपोर्टात जाते आणि कुठल्याच रकान्यात न बसलेलं सगळं आपल्या डोक्यात साठत राहतं. मग चहा घेताना एक किस्सा निघतो, त्याच्यामागे दुसरा येतो आणि चहा गार होतो.

आमच्या रिसर्चचं नाव होतं ‘बाजार नियमन, गुन्हे आणि पोलिसांवरील विश्वास’. मी नांदेडची, इरफान लातूरचा आणि आमचे सर लातूरच्याच एका कॉलेजात प्रोफेसर. बाजारात हिंडायचं मी आणि इरफानने, आणि गोंधळ झाला की फोन सरांना. नेमकं काय शोधतोय, हे लोकांना समजावता समजावता आम्हालाच समजेनासं झालं होतं.

सुरुवात लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात झाली. तिथल्या एका म्हाताऱ्या आडत्याकडे अजून रुमालाखाली सौदा व्हायचा. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबणार, भाव ठरणार, आणि ज्याचं सोयाबीन तो बाजूला उभा राहून रुमालाकडे बघणार. नियम म्हणतो, लिलाव उघड हवा. इरफानने अदबीने विचारलं, काका, लिलाव उघड होतो का?

“उघडच हाय की,” काका रुमाल झटकत म्हणाले. “रुमाल टाकलाय ते सगळ्या मोंढ्याला दिसून राहिलंय.”

इरफानने तिथूनच सरांना फोन लावला. उघड लिहू की गुप्त? सरांनी प्रश्न दोनदा वाचून घेतला. शेवटी म्हणाले, ‘इतर’वर टिक कर. तेव्हापासून ‘इतर’ हा आमचा लाडका रकाना झाला.

मग हदगावचा आठवडी बाजार. तिथे कौसाबाई भेटल्या. लसूण आणि वाळल्या मिरच्या विकतात, घर त्याच्यावरच चालतं. त्यांच्या तराजूवर नवा शिक्का मारून घ्यायचा राहिला होता, म्हणून वजनमापवाल्या साहेबांनी तो जप्त केला. आता साहेबांनी नुसतं बोट दाखवलं होतं, उचलून नेला तो बंदोबस्ताच्या पोलिसाने. त्यामुळे कौसाबाईंच्या लेखी तराजू पोलिसांनी नेला, विषय संपला.

तेव्हापासून त्या वाटे लावून विकत होत्या. पण किलोने लसूण नेणारे हॉटेलवाले वाट्यांचं काय करणार? ते शेजारच्या दुकानावर जायला लागले. आणि बाजारात धंदा बसला की बसायची जागाही जाते, कुणीतरी हळूच गोणपाट पसरतं. कौसाबाईंना त्याचीच धास्ती होती.

मी विचारलं, मावशी, पोलिसांवर तुमचा विश्वास किती? एक ते पाचमध्ये सांगा.

“तुमच्यात सगळ्यात मोठा आकडा कोंचा?”

पाच, मी म्हणाले.

“मग पाच लिव. आन् माझा तराजू कवा देता?”

आम्ही पोलीस नाही, सरकारी नाही, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि जाताना इरफानच्या बॅगेत मूठभर लसूण कोंबला. सर्व्हेच्या नियमात लसूण घ्यायचा की नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मुदखेडला स्टेशनजवळ एका चहावाल्याला विचारलं, वर्षभरात तुमच्या बाबतीत काही गुन्हा घडला का? न्हाई, म्हणाला. चोरीबिरी? तर हाव, मोबाईल गेला, मग सायकल गेली, परवा गॅसची शेगडी गेली. अहो मग हे गुन्हेच की, मी म्हणाले.

तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की मलाच कानकोंडं झालं. “ताई, ही चोरी झाली. गुन्हा पोलिसात गेल्यावर व्हतो. म्या गेलोच न्हाई.”

रात्रभर विचार केला, पण त्याचं काय चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही.

पोलिसांचीही बाजू घ्यायची होती. नांदेडच्या भाजी बाजारात ड्यूटीवर असलेल्या एका हवालदारसाहेबांना गाठलं. लोकांचा विश्वास आहे का तुमच्यावर? लई हाय, म्हणाले, आणि खरंच होतं ते. आम्ही उभे असताना एक बाई त्यांच्याकडे पिशवी ठेवून गेली आणि एकाने तर शेळीची दोरी हातात दिली.

इरफानला राहवलं नाही. साहेब, तुमच्या घरी चोरी झाली तर?

“झालती की. मोटारसायकल गेलती.” ते शेळीला मागे ओढत म्हणाले, “मोंढ्यातल्या हमालाला सांगितलं. सापडली.”

तक्रार दिली नाही का, असं विचारायचं धाडस आमच्यात नव्हतं. मुकाट ‘इतर’वर टिक केलं.

इकडे कौसाबाईंचं काही हलत नव्हतं. त्यांना वजनमापाच्या ऑफिसात घेऊन जातो, असं इरफान म्हणाला तर सरांनी फोनवर अडवलं. आपण मदत केली की उत्तर बिघडतं, डेटा बायस्ड होतो. मला सरांचा रागच आला. जिचा विश्वास मोजायचा, तिच्यासाठी बोटही उचलायचं नाही, हे कसलं शास्त्र?

मग एकदा सर स्वतः हदगावला आले. तोवर कौसाबाईंच्या अर्ध्या जागेत चपलांचं दुकान लागलं होतं. त्यांनी सरांना बसायला पोतं दिलं आणि विचारलं, एवढं इचारून राहिले तुम्ही, त्याचं पुढं काय व्हतंय? सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नंतर उठून म्हणाले, चला मावशी.

ऑफिसात सर स्वतः लायनीत उभे राहिले. दुपारी भर बाजारातून आमचे प्रोफेसर खांद्यावर तराजू घेऊन आले, त्याच्यावर नवाकोरा शिक्का. चपलांचं दुकान आपोआप सरकलं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले की आपण नियम मोडला, आता यांचा फॉर्म रद्द करावा लागेल. मी पेन काढलं.

कौसाबाईंनी तराजू टांगला, हॉटेलवाल्याचा लसूण तोलून दिला आणि सरांकडे वळल्या.

“आता ह्यो कुनी नेनार न्हाई ना?”

“नाही. शिक्का आहे.”

“पक्कं?”

“पक्कं.”

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि माझा हात धरून मला खाली बसवलं.

“बस बाई. त्यो पोलिसांचा सवाल पुन्यांदा इचार.”